पवित्र शास्त्रातील दिशा कशा वाचाव्यात?

पुण्यातल्या बायबल अभ्यासवर्गांत दिशांचा विषय निघाला की बहुधा दोन टोकांची वाचने समोर येतात. काही जण दिशेचा उल्लेख म्हणजे निव्वळ भूगोल असे समजून पुढे सरकतात. काही जण प्रत्येक दिशेला एक ठरीव अर्थ देतात आणि तो उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळीकडे लावतात: पूर्व शुभ, उत्तर देवाची, दक्षिण अशुभ. या दुसऱ्या यादीत शास्त्रापेक्षा आपल्या आजूबाजूच्या वास्तुशास्त्राचा वाटा मोठा असतो. फ्लॅट घेताना दाराची दिशा विचारण्याची सवय ख्रिस्ती घरांतही मुरलेली आहे, आणि दक्षिणेचा संबंध यमाशी जोडणारे संस्कार नकळत वचनावर लादले जातात. पवित्र शास्त्रात दक्षिणेला असा कोणताही अधिपती नाही. तिथे संकट येते ते बहुतेक वेळा उत्तरेकडून.

पुढे दिलेली पद्धत एका आग्रहावर उभी आहे. दिशेचा अर्थ आधी जमीन, वारा, रस्ते आणि मंदिराचा नकाशा यांत शोधावा, आणि मगच ती दिशा प्रतीक म्हणून वाचावी.

तयारी

जुन्या कराराच्या काळातील पश्चिम आशियाचा एक नकाशा जवळ ठेवावा. त्यात मिसरपासून पारसापर्यंतचा सगळा पट्टा दिसला पाहिजे, केवळ कनान दाखवणारा नकाशा पुरत नाही. आलेखाची वही आणि पेन्सिल लागेल. शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवावीत. बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र बहुतेकांकडे असतेच, पण पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलेले आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर मिळाले तर तेही घ्यावे. मोबाइलवर शोध घेताना ‘पूर्व’ हा एकच शब्द टाकून थांबू नये. पूर्वेसाठी ‘सूर्योदय’ किंवा ‘उगवत’, आणि पश्चिमेसाठी ‘समुद्र’ किंवा ‘मावळत’ असेही उल्लेख येतात.

पहिली पायरी: लेखक कुठे उभा आहे हे ठरवणे

जुन्या कराराचा लेखक मनाने बहुधा कनान देशात, बऱ्याचदा यरुशलेमात, पूर्वेकडे तोंड करून उभा असतो. त्याच्या पाठीशी भूमध्य समुद्र असतो. उजव्या हाताला नेगेबचा कोरडा प्रदेश आणि त्यापलीकडे मिसर, डाव्या हाताला लबानोन आणि अराम (आजचा सीरिया), तर समोर यार्देनचे खोरे ओलांडल्यावर वाळवंट. इयोब २३:८-९ मध्ये इयोब देवाला पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे शोधतो. तिथे तो पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण याच क्रमाने फिरत आहे, हे लक्षात आले की त्या दोन ओव्यांचा पट एकदम मोठा होतो.

हा भूगोल पुणेकर वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. पर्वतीच्या टेकडीवर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास पाठीशी सह्याद्री, त्यामागे कोकण आणि समुद्र येतो. पाऊस मुळशी-लोणावळ्याच्या बाजूने येतो आणि पूर्वेला दौंड-इंदापूरकडे जाऊ तसा तो आटत जातो. पॅलेस्टाईनचा पाऊस हिवाळ्याचा आणि आपला पावसाळ्याचा, हा फरक मोठा आहे; परंतु ओल पश्चिमेकडून येते आणि कोरडेपणा पूर्वेला असतो, ही जाण दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणूनच लूक १२:५४ मध्ये पश्चिमेकडून ढग वर येताना पाहून लोक पाऊस येणार असे म्हणतात, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. कर्मेल डोंगरावर पावसाची वाट पाहताना एलीया संदेष्ट्याचा चाकर समुद्राकडेच का पाहत होता, हेही नाही (१ राजे १८:४३-४४).

दुसरी पायरी: दिशा साधी आहे की भारलेली?

प्रत्येक दिशेत प्रतीक शोधू नये. प्रेषितांची कृत्ये अध्याय २७ मध्ये दक्षिणेचा मंद वारा सुटतो आणि मग ईशान्येचा झंझावात जहाजाला फरफटत नेतो. ते खलाशांच्या अनुभवाचे चोख वर्णन आहे आणि त्यात गूढ अर्थ भरणे म्हणजे लेखकावर अन्याय करणे होय. अब्रामाने तंबू ठोकला तेव्हा बेथेल पश्चिमेस आणि आय पूर्वेस होते (उत्पत्ती १२:८), ही प्रामुख्याने जागेची खूण आहे.

दिशा भारलेली आहे की नाही हे ठरवण्यासाठी उताऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. दिशा काढून टाकली तर उताऱ्याचे काही बिघडते का? त्याच पुस्तकात तीच दिशा तशाच प्रसंगी पुन्हा येते का? आणि कोणी देवाच्या सान्निध्याकडे चालले आहे किंवा तिथून दूर जात आहे का? निदान एका प्रश्नाचे उत्तर ठाम ‘होय’ असेल तरच पुढे जावे.

तिसरी पायरी: पूर्वेकडची पावले मोजणे

पूर्व ही सर्वांत समृद्ध दिशा आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच आहेत. एदेन बाग पूर्वेकडे लावलेली होती (उत्पत्ती २:८), एवढ्यावरून पूर्व पवित्र असे म्हटले जाते. पण पुढच्याच अध्यायात आदामाला बाहेर घालवल्यावर करूबीम (पंख असलेले स्वर्गीय पहारेकरी) ठेवले जातात ते बागेच्या पूर्वेस (३:२४), म्हणजे माणूस बाहेर पडला तो पूर्वेच्या अंगाने. काइन परमेश्वरासमोरून निघून एदेनाच्या पूर्वेस नोद देशात राहतो (४:१६). अब्रामाचा पुतण्या लोट यार्देनेचे भरपूर पाण्याचे खोरे पाहतो, ते त्याला परमेश्वराच्या बागेसारखे दिसते आणि तो पूर्वेकडे निघतो (१३:१०-११). त्या वाटेच्या टोकाला सदोम आहे. अब्राहाम आपल्या उपपत्नींच्या मुलांना इसहाकापासून दूर पाठवतो तेही पूर्वेकडेच (२५:६).

ही पावले वहीत एका ओळीत लिहिली की उत्पत्तीत पूर्वेकडे जाणे हे सान्निध्यापासून दुरावण्याचे चिन्ह म्हणून पुन्हा पुन्हा येते, हे दिसते. मात्र लगेच नियम करू नये. याकोब पूर्वेच्या लोकांच्या देशात जातो (२९:१) आणि तिथेच त्याचे कुटुंब वाढते. लोट गेल्यानंतर परमेश्वर अब्रामाला उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा चारही दिशांना नजर टाकायला सांगतो (१३:१४), आणि त्यात लोटाने निवडलेली पूर्वही येते. हा तपशील शिकवताना बऱ्याचदा निसटतो. माझ्या मते त्या अध्यायाचा खरा कणा तोच आहे.

चौथी पायरी: निवासमंडप कागदावर काढणे

निवासमंडप म्हणजे वाळवंटातल्या प्रवासात इस्राएल लोकांनी सोबत नेलेले तंबूचे उपासनास्थान. ही पायरी वाचून भागत नाही, हाताने करावी लागते. निर्गम अध्याय २६ आणि २७ समोर ठेवून आलेखाच्या वहीत अंगण आखावे. लांबी १०० हात, रुंदी ५० हात. पाच हातांना एक चौकोन धरला तर २० बाय १० चौकोनांचा आयत होतो. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी. पूर्वेच्या बाजूला मधोमध २० हातांचे प्रवेशद्वार आणि त्याच्या दोन्ही अंगांना १५-१५ हातांचे पडदे येतात. मंडपाच्या दक्षिणेला २० फळ्या, उत्तरेला २० फळ्या आणि पश्चिमेला सहा फळ्या व कोपऱ्यांसाठी दोन आहेत. पूर्वेला फळी नाही, तिथे दाराचा पडदा आहे. मेज उत्तरेला आणि दीपवृक्ष दक्षिणेला ठेवावा (२६:३५). परमपवित्रस्थान पश्चिम टोकाला येईल.

आता बाणाने याजकाची वाट काढावी. तो पूर्वेकडून आत येतो आणि पश्चिमेकडे चालतो. परमपवित्रस्थानाच्या पडद्यावर करूबीम विणलेले आहेत (२६:३१). एदेनातून माणूस पूर्वेकडे बाहेर पडला आणि करूबीमांनी वाट अडवली. इथे वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एक माणूस रक्त घेऊन पूर्वेकडून करूबीमांच्या पडद्यापलीकडे जातो आणि ते रक्त दयासनाच्या, म्हणजे कराराच्या कोशावरील झाकणाच्या, पूर्वेच्या अंगाला शिंपडतो (लेवीय १६:१४). एदेनातून बाहेर पडण्याची ती वाट इथे उलटी चालली जाते, असे अनेक भाष्यकारांनी मांडले आहे. कागदावर दोन्ही बाण शेजारी काढले की ते पटते.

याच नकाशाभोवती गणना अध्याय २ मधील छावणी मांडावी. पूर्वेला यहूदा, इस्साखार, जबुलून; दक्षिणेला रऊबेन, शिमोन, गाद; पश्चिमेला एफ्राईम, मनश्शे, बन्यामीन; उत्तरेला दान, आशेर, नफताली. आतल्या वर्तुळात लेव्यांची कुळे: पश्चिमेला गेर्षोनी, दक्षिणेला कहाथी, उत्तरेला मरारी, आणि दाराच्या पूर्वेस मोशे व अहरोन (३:३८). पूर्वेची बाजू मानाची आहे, कारण दार तिथे आहे, आणि निघताना यहूदाची छावणी पहिली निघते.

अर्पणाच्या वेदीबद्दल एक इशारा. मेंढरू वेदीच्या उत्तरेच्या बाजूस मारावे असे लेवीय १:११ सांगते आणि त्यावर ‘उत्तर ही देवाची बाजू’ असे प्रवचन उभे राहते. नकाशात पाहावे: राख पूर्वेला टाकायची (१:१६), पश्चिमेला मंडप आहे, आणि पुढच्या यहुदी परंपरेत वेदीची चढण दक्षिणेला होती. उरते ती उत्तर. इथे तरी सोय हे पुरेसे कारण आहे.

पाचवी पायरी: यहेज्केलाच्या मागे चालणे

यहेज्केलाचे पुस्तक दिशांशिवाय कळत नाही. अध्याय ८ मध्ये संदेष्टा मंदिरात एकेक घृणित गोष्ट पाहत आत जातो आणि शेवटी सुमारे २५ पुरुष परमेश्वराच्या मंदिराकडे पाठ करून पूर्वेकडे सूर्याला नमन करताना दिसतात (८:१६). मंदिराची रचनाच अशी होती की परमेश्वरासमोर तोंड करणाऱ्याची पाठ उगवत्या सूर्याकडे होत असे. त्यांनी नेमके त्याच्या उलट केले. त्यानंतर परमेश्वराचे तेज पूर्वेच्या दाराशी येते (१०:१९), शहर सोडून पूर्वेच्या डोंगरावर थांबते (११:२३), आणि फार पुढे, अध्याय ४३ मध्ये, पूर्वेकडूनच परत येते. ते ज्या दाराने आत आले ते दार यापुढे बंद राहील (४४:२). शेवटी मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते, तेही पूर्वेकडे, अराबाच्या रुक्ष खोऱ्यात आणि मृत समुद्रात उतरते, आणि खारे पाणी गोडे होते (४७:१-८). निर्वासितांची, वाळवंटाची आणि ओसाडपणाची जी बाजू होती, तिथेच जीवन पोहोचते.

आजच्या यरुशलेमच्या तटबंदीतले बुजवलेले सुवर्णद्वार म्हणजेच अध्याय ४४ मधील बंद दार, असे सांगणारी छायाचित्रे दर ईस्टरला फिरतात. यहेज्केलाने पाहिलेले दार दर्शनातील मंदिराचे आहे. आजचा तट १६व्या शतकातील उस्मानी बांधकाम आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

सहावी पायरी: उत्तरेचा रस्ता शोधणे

यिर्मया १:१३-१४ मध्ये उत्तरेकडून कललेली उकळती कढई दिसते आणि देशावर उत्तरेकडून अरिष्ट येईल असे सांगितले जाते. शत्रू बाबेल (बॅबिलोन) आहे. मग नकाशात बाबेल पाहावे: ते यरुशलेमच्या जवळजवळ सरळ पूर्वेला आहे! विसंगती वाटते, पण मधल्या अरबी वाळवंटातून सैन्य चालत येत नाही. रथ, जनावरे आणि पाणी यांसाठी फरात नदीच्या काठाने वर जावे लागते, मग अरामातून दक्षिणेकडे उतरावे लागते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा तळ रिब्ला येथे होता, म्हणजे लबानोनच्या ईशान्य अंगाला (२ राजे २५:६). यरुशलेमच्या रहिवाशाला शत्रू उत्तरेच्या वेशीवरच दिसणार. नकाशात पेन्सिलीने हा कमानीसारखा मार्ग काढला की यिर्मयाचे अर्धे पुस्तक उलगडते. पुढे तोच संदेष्टा बाबेलावरही उत्तरेकडून राष्ट्र येईल असे सांगतो (५०:३), म्हणजे तोवर ‘उत्तर’ हा शब्द रस्त्यापलीकडे जाऊन न्यायदंडाची खूण झालेला आहे. भूगोलातून प्रतीक कसे घडते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

उत्तरेला दुसराही पदर आहे. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे झालेल्या उत्खननात उगारीत नगराच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत बआल देवाचे घर साफोन पर्वतावर असल्याचे वर्णन आहे. हा पर्वत आज सीरिया-तुर्कस्तान सीमेवरचा जेबेल अक्रा मानला जातो. ‘उत्तरेच्या अगदी टोकाला’ देवसभेच्या पर्वतावर बसण्याची यशया १४:१३ मधील बढाई ही त्या जगाची भाषा आहे. स्तोत्र ४८:२ मात्र तेच वर्णन सियोनाला, म्हणजे यरुशलेमच्या टेकडीला, लावते, जी भूगोलाने उत्तरेला नाहीच. बआलाचा मान सियोनाच्या राजाकडे वळवण्यासाठी कवीने जाणूनबुजून नकाशा मोडला आहे. स्तोत्र ७५:६ मध्ये उत्तरेचे नाव नाही, म्हणून देवाचे सिंहासन उत्तरेला, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुढची ओवी वाचावी. तिथे देव न्यायाधीश आहे एवढेच म्हटले आहे.

भविष्यवाणीच्या उताऱ्यांत याच पायरीचा उपयोग जास्त होतो. दानीएल ११ मधील उत्तरेचा आणि दक्षिणेचा राजा यहूदीयाच्या दृष्टीने उत्तर-दक्षिण आहेत: अरामातील सेलूकी आणि मिसरातील टॉलेमी घराणी. प्रकटीकरण १६:१२ मधील फरातपलीकडच्या पूर्वेच्या राजांबद्दल ऐकताना पहिल्या शतकातील श्रोत्याला रोमच्या पूर्वेकडील शत्रूचे, पार्थियन साम्राज्याचे सैन्य आठवले असणार. यहेज्केल ३८ मधील गोग म्हणजे अमुक देश आणि पूर्वेचे राजे म्हणजे तमुक देश, असे व्हॉट्सॲपवर येणारे नकाशे ही मधली पायरी गाळतात.

सातवी पायरी: वारे, दक्षिण आणि पश्चिम

पूर्वेचा वारा वाळवंटातून येतो, म्हणून तो करपवणारा आहे. फारोच्या स्वप्नातील कणसे त्यानेच करपतात (उत्पत्ती ४१:६), होशेय १३:१५ मध्ये झरा त्यानेच आटतो, योनाला त्यानेच मूर्च्छा येते. पण निर्गम १४:२१ मध्ये तोच वारा समुद्र मागे सारतो. वारा एकच, एकाला नाश आणि दुसऱ्याला वाट.

दक्षिणेबद्दल थोडकेच सांगावे लागते. नेगेब कोरडा आहे, म्हणूनच स्तोत्र १२६:४ मध्ये तिथल्या ओढ्यांना अचानक पाणी येण्याची उपमा परतणाऱ्या बंदिवानांना लागू पडते. देव तेमानाकडून, म्हणजे दक्षिणेकडील अदोमाच्या प्रदेशातून, येतो, असे हबक्कूक ३:३ म्हणते. त्यामागे सीनायच्या वाटेची आठवण आहे. दक्षिणेची राणी (मत्तय १२:४२) न्यायाच्या दिवशी साक्षीला उभी राहते. यांपैकी काहीही अशुभ नाही. पश्चिमेला स्वतंत्र प्रतीक म्हणून फारसे स्थान नाही. तिथे समुद्र आहे आणि पाऊस आहे.

आठवी पायरी: चारही दिशा एकत्र आल्या तर

तेव्हा सुट्या दिशांचे अर्थ बाजूला ठेवावेत. याकोबाला दिलेले वचन (उत्पत्ती २८:१४), देवाच्या राज्यातील पंगत (लूक १३:२९), नव्या यरुशलेमच्या प्रत्येक बाजूला तीन वेशी (प्रकटीकरण २१:१३), या सर्वांचा अर्थ ‘संपूर्ण’, ‘कोणीही वगळलेला नाही’ असा आहे. क्रम प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. गणना अध्याय २ मध्ये क्रमाला अर्थ आहे, कारण तो निघण्याचा क्रम आहे. इतरत्र त्यावर सिद्धान्त उभारू नये. स्तोत्र १०३:१२ मधील पूर्व-पश्चिम अंतराला ‘पृथ्वीला पूर्व ध्रुव नाही, म्हणून ते अमर्याद’ असे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. ते चतुर आहे, पण कवीच्या डोळ्यांसमोर पृथ्वीगोल नव्हता, उगवतीपासून मावळतीपर्यंतचे क्षितिज होते.

नववी पायरी: प्रार्थनेची दिशा

दानीएल बाबेलात यरुशलेमच्या बाजूच्या खिडक्या उघडून प्रार्थना करतो (६:१०), म्हणजे तोंड पश्चिमेकडे. पुणे कॅम्पातल्या १८६७ च्या लाल देवळात (यहुदी सभास्थानात) प्रार्थना करणाऱ्या यहुद्यांसाठीही यरुशलेम पश्चिमेच्याच अंगाला येते. ही दिशा एका स्थळाकडे आहे, होकायंत्राच्या एका काट्याकडे नाही.

ख्रिस्ती लोक मात्र फार लवकर पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करू लागले. ख्रिस्ती लेखक तर्तुल्यनाच्या काळात, म्हणजे सुमारे इ.स. २०० मध्ये, त्यावरून त्यांच्यावर सूर्यपूजेचा आळ येत असे, आणि चौथ्या शतकात बिशप बसिल याने ही प्रथा लिखित आज्ञेतून नव्हे तर परंपरेतून आल्याचे नोंदवले. तिला मलाखी ४:२ मधील न्यायाचा सूर्य आणि मत्तय २४:२७ मधील पूर्वेकडून चमकणारी वीज यांचा आधार दिला जातो. पुढे वेदी पूर्वेला ठेवण्याची रीत पडली. ती निवासमंडपाच्या नेमकी उलट आहे, आणि तीही सर्वत्र पाळली गेली नाही: रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचा दर्शनी भाग पूर्वेला आणि वेदी पश्चिमेच्या अंगाला आहे. आपल्या मंडळीची वेदी कोणत्या दिशेला आहे हे मोबाइलच्या होकायंत्रावर पाहावे. ती पूर्वेला नसली तर त्यात दोष शोधू नये. कॅम्पातले भूखंड आणि रस्ते यांनीच ते बहुधा ठरवलेले असते.

सरावासाठी एक उतारा

जखऱ्या ६:१-८ घ्यावा. काळ इ.स.पू. ५१९ च्या आसपासचा, ठिकाण यरुशलेम, मंदिराचे बांधकाम चालू. संदेष्ट्याच्या दर्शनात चार रथ निघतात. काळे घोडे उत्तरेकडे, ठिपकेदार दक्षिणेकडे. पांढऱ्यांच्या वाटेबद्दल भाषांतरांत एकमत नाही, म्हणून दोन्ही भाषांतरे पाहावीत. पूर्वेकडे रथ जात नाही, कारण तिकडे सैन्याचा रस्ता नाही. उत्तर म्हणजे बाबेलची वाट आणि दक्षिण म्हणजे मिसरची. आठव्या ओवीत उत्तर देशात गेलेल्यांनी परमेश्वराच्या आत्म्याला स्वस्थता दिली असे म्हटले आहे. वर्गात हा उतारा घेण्याआधी यिर्मया १:१४ आणि जखऱ्या २:६-७ मोठ्याने वाचून घ्यावेत, सहाव्या पायरीतला पेन्सिलीचा मार्ग पुन्हा समोर ठेवावा, आणि यिर्मयाच्या काळात ज्या रस्त्याने अरिष्ट उतरले त्याच रस्त्यावर आता काय घडत आहे, हे वर्गालाच विचारावे.